शेजार आणि शिदोरी : बुरशीच्या रंगावर प्रयोग करताना

खरिपाची ज्वारी कणसात भरायच्या वेळी पाऊस रेंगाळला की दाणा काळा पडतो. 'ज्वारी काळी पडली' एवढंच शेतकरी म्हणतो आणि बाजारात भाव उतरतो. त्यातले दहा-बारा दाणे ओल्या टिपकागदावर, झाकणाच्या काचेच्या प्लेटमध्ये ठेवून द्या. आठवडाभरात लक्षात येतं की काळी ज्वारी नुसती काळी नसते. कर्व्हुलारिया आणि अल्टरनारिया काळपट उठतात, फ्युजारियम पांढरट-गुलाबी पसरते, एखाद्या दाण्यावर अस्परजिलस नायजरची काजळीसारखी भुकटी दिसते. एका दाण्याच्या दोन बाजूंना दोन बुरशी असतील तर त्या भेटतात त्या रेषेवर कधीकधी तिसराच रंग दिसतो.

या तिसऱ्या रंगावर जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत पुष्कळ प्रकल्प होतात. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या पदव्युत्तर प्रबंधांसाठी, 'आविष्कार' स्पर्धेसाठी, कधी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठीही. दोन बुरशी समोरासमोर लावायच्या, मधे लाल पट्टा आला की 'एकीने दुसरीवर हल्ला केला' असं लिहायचं, ही त्याची ठरलेली वाट. त्या निष्कर्षाशी माझं भांडण आहे. बुरशीचा रंग शेजाऱ्यामुळे बदलतो हे खरंच. पण तो त्याआधी आणि त्याहून जास्त तिच्या अन्नामुळे बदलतो. शेजारीही तेच अन्न खात असतो. शेजाऱ्याचा परिणाम कोणता आणि संपत आलेल्या शिदोरीचा कोणता, हे वेगळं काढता येत नसेल तर त्या लाल पट्ट्याचा अर्थ कुणालाच लावता येणार नाही.

हे मी एका फजितीतून शिकले. एका वर्षी फ्युजारियम आणि ट्रायकोडर्मा यांच्या भेटीत सुरेख किरमिजी पट्टा मिळाला होता. पुढच्या वर्षी तेच कल्चर, तीच खोली, तेच हात, आणि पट्टा गायब. आम्ही कल्चर बिघडलं म्हणालो, प्लेटा बदलल्या, दोन महिने घालवले. शेवटी वही चाळताना सापडलं की सोडियम नायट्रेटची बाटली संपली म्हणून एका विद्यार्थिनीने तेवढ्याच ग्रॅमचं अमोनियम सल्फेट घातलं होतं. तिने काही लपवलं नव्हतं, वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. मीच वाचलं नव्हतं.

वजन सारखं म्हणजे नत्र सारखं नव्हे. युरियात ४६ टक्के नत्र असतं हे खानदेशातल्या शेतकऱ्याच्या मुलाला पाठ असतं. तोच हिशेब प्रयोगशाळेत करायचा असतो. झापेक-डॉक्स माध्यमात लिटरला ३० ग्रॅम साखर आणि ३ ग्रॅम सोडियम नायट्रेट घालण्याची पद्धत आहे. त्या ३ ग्रॅममध्ये साधारण अर्धा ग्रॅम नत्र असतं. तेवढंच नत्र अमोनियम सल्फेटमधून द्यायचं तर २.३३ ग्रॅम पुरतं, ग्लायसिनमधून द्यायचं तर २.६५ ग्रॅम लागतं, मोनोसोडियम ग्लुटामेटमधून सुमारे ६.६ ग्रॅम, युरियातून जेमतेम १.०६ ग्रॅम. युरिया ऑटोक्लेव्हमध्ये तापवला तर फुटून अमोनिया होतो, म्हणून तो वेगळा विरघळवून गाळणीने निर्जंतुक करावा आणि माध्यम कोमट झाल्यावर मिसळावा. पेप्टोनमधल्या नत्राचं प्रमाण कंपनीगणिक बदलतं. बाटलीवरचा आकडा वाचूनच वजन ठरवा.

नत्रामुळे रंग का बदलतो, ते समजून घेतलं की प्रयोगाची आखणी आपोआप सुधारते. बुरशी जोमाने वाढत असते तेव्हा तिचा सगळा माल नवे तंतू उभारण्यात जातो. बहुतेक रंगद्रव्यं त्यानंतरची असतात. नत्र आधी संपलं आणि साखर शिल्लक राहिली, तर फ्युजारियमच्या काही जातींमध्ये बायकॅव्हेरिन नावाचं लाल रंगद्रव्य बनू लागतं. भरपूर नत्र, विशेषतः अमोनियम, असेल तर त्याच्या जनुकांवर कुलूप बसतं. सामू अल्कलीकडे गेला तरी बसतं. म्हणजे रंगासाठी दोन अटी आहेत, नत्राची टंचाई आणि आम्लधर्मी माध्यम. आमचा पट्टा अमोनियमच्या मुबलकतेत विझला होता.

इथे एक गाठ आहे आणि ती भल्याभल्यांना दिसत नाही. बुरशी अमोनियम खाते तेव्हा माध्यमाचा सामू उतरतो; नायट्रेट खाते तेव्हा चढतो. तुम्ही समजता नत्राचा प्रकार बदलला, पण त्याबरोबर सामूही बदललेला असतो. म्हणून सुरुवातीचा सामू नोंदवून भागत नाही, शेवटचाही नोंदवा. प्लेटमधला अगारचा तुकडा थोड्या ऊर्ध्वपातित पाण्यात कुस्करून सामू-पट्टीने पाहिला तरी कामापुरता अंदाज येतो. द्रव माध्यमात काम करत असाल तर एक संच बफर घालून करा. त्या संचातही रंगातला फरक टिकला तर तो नत्राचा मानायला हरकत नाही.

याचं सर्वांत देखणं उदाहरण मोनास्कस परप्युरियस ही बुरशी देते. पूर्व आशियात शतकानुशतकं तांदळावर वाढवून 'लाल भात' करतात तो हिचाच. हिच्याकडे पिवळी, नारिंगी आणि लाल अशी तीन प्रकारची रंगद्रव्यं असतात. लाल रंग नारिंगीपासूनच तयार होतो. नारिंगी रेणूला अमिनो गट भेटला की तो लाल होतो. पेप्टोन किंवा ग्लुटामेट दिलं की फ्लास्क गडद लाल होतो. अमोनियमची लवणं दिली, सामू उतरला की तीच बुरशी नारिंगी-पिवळी राहते. साखर फार झाली तर ती अल्कोहोल करत बसते आणि रंग घटतो. नुसता नत्राचा स्रोत बदलून तीन रंगांचे फ्लास्क शेजारी शेजारी उभे करता येतात, म्हणून नवख्यांना मी हीच बुरशी सुचवते. कल्चर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहातून किंवा चंदीगडच्या एमटीसीसी संग्रहातून महाविद्यालयाच्या पत्रावर मागवता येतं.

सूक्ष्म अन्नद्रव्यांचं माप आणखी नाजूक. फ्रान्समध्ये पाश्चर यांचे शिष्य ज्यूल रोलँ यांनी १८६९ मध्ये अस्परजिलस नायजर वाढवून जस्ताची गरज दाखवली. पुढे १९३०च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये मुल्डर यांनी याच बुरशीच्या बीजाणूंच्या रंगावरून जमिनीतलं तांबं मोजण्याची रीत बसवली. तांबं पुरेसं असेल तर बीजाणू काळे. कमी होत गेलं की तपकिरी, मग पिवळे. काळा रंग घडवणाऱ्या विकराला तांबं लागतं, ते नाही मिळालं की रंग अर्ध्या वाटेवर अडतो. कांद्याच्या सालीखाली काजळी धरणारी हीच बुरशी, त्यामुळे ती शोधायला धुळ्याच्या कांदा बाजारापलीकडे जावं लागत नाही. मात्र तांब्याचा प्रयोग करायचा तर लिटरला ०.०१ मिलिग्रॅमसारख्या अल्प मात्रेपासून पायऱ्या चढत जा, काचभांडी आम्लाने धुवा, पाणी काचेच्या उपकरणात ऊर्ध्वपातित केलेलं घ्या. साध्या साखरेत आणि अगारमध्येही तांब्याचे कण असतात, त्यामुळे शून्य तांबं मिळणार नाही. पायरीगणिक रंग सरकला की पुरे.

आता शेजाराकडे.

शेजारी आल्यामुळेच रंग येतो याचा पक्का दाखला ब्लेकस्लीया ट्रायस्पोरा या बुरशीचा. भेंडी-भोपळ्याच्या फुलांवर पावसाळ्यात ओली कूज आणणाऱ्या कोअॅनेफोराची ती जवळची नातलग. हिचे 'धन' आणि 'ऋण' असे दोन प्रकार असतात. एकटा वाढवला तर कोणताही प्रकार फिकाच राहतो. दोन्ही एकत्र वाढवले की ते एकमेकांना अर्धवट तयार झालेले रेणू पुरवतात, त्यातून ट्रायस्पोरिक आम्ल बनतं आणि त्याच्या इशाऱ्यावर बीटा-कॅरोटीन कित्येक पटींनी वाढतं. गंमत अशी की ते आम्लही कॅरोटीनपासूनच घडतं. अन्नाला पिवळा-नारिंगी रंग देणारं कॅरोटीन या जोडीपासून कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर बनवतात आणि माध्यमात वनस्पती तेल घातल्यावर ते आणखी वाढतं. म्हणजे इथेही शेजार आणि शिदोरी दोन्ही लागतात.

दुसरा दाखला पुन्हा मोनास्कसचा. १९९८ मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी ती बेकरीच्या यीस्टबरोबर आणि अस्परजिलस ओरायझीबरोबर वाढवली, तेव्हा रंग वाढला आणि तंतूंचं रूपही बदललं. यीस्टची विकरं मोनास्कसच्या पेशीभित्तिकेवर काम करतात, हे त्यामागचं कारण म्हणून पुढे आलं. बेकरीचं यीस्ट आपल्याकडे कोणत्याही किराणा दुकानात मिळतं, त्यामुळे हा प्रयोग शिरपूर-चोपड्याच्या महाविद्यालयातही होऊ शकतो.

पण बहुतेक जोड्यांचं कारण इतकं स्वच्छ माहीत नसतं. तिथे आखणी कामाला येते आणि या लेखात एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : बुरशीला तिच्याच समोर लावा. 'अ' आणि 'ब' यांची जोडी लावताना 'अ' एकटी आणि 'ब' एकटी अशा प्लेटा सगळेच ठेवतात. त्या पुरत नाहीत. एकटीला पूर्ण प्लेटचं अन्न मिळतं, जोडीतलीला अर्धं. म्हणून 'अ' समोर 'अ' आणि 'ब' समोर 'ब' अशाही प्लेटा हव्यात. तिथे अन्नाची वाटणी जोडीसारखीच होते, फक्त परका कुणी नसतो. 'अ'–'अ' प्लेटमध्येही मधल्या रेषेवर लाली आली तर ती उपासाची लाली आहे. 'अ'–'ब' मध्येच आली, 'अ'–'अ' मध्ये नाही, तरच शेजाऱ्याचं नाव घ्या. त्यातही 'ब' अधिक खादाड असेल तर शंका उरते. ती शंका फेडायला आणखी एक संच : 'अ' एकटी, पण साखर, नत्र, लवणं सगळं निम्मं आणि पाव, अगार मात्र तेवढाच. या अर्धपोटी प्लेटेत तोच रंग दिसला तर उत्तर मिळालं.

लावताना ९० मिलिमीटरच्या प्रत्येक प्लेटेत मोजून २० मिलिलिटर माध्यम ओता. एकीत पंधरा आणि दुसरीत पंचवीस गेलं तर अन्न दीडपटीहून अधिक झालं. हाताच्या अंदाजाने ओतलेल्या प्लेटांवर मी विश्वास ठेवत नाही. पाच ते सात दिवसांच्या वसाहतीच्या कडेचे सारख्या मापाचे तुकडे घ्या, साडेचार सेंटिमीटर अंतरावर ठेवा. ट्रायकोडर्मा तीन-चार दिवसांत प्लेट व्यापते, म्हणून फ्युजारियम दोन-तीन दिवस आधी लावा आणि हेच अंतर सगळ्या तुलनांमध्ये पाळा. प्रत्येक जोडीच्या किमान पाच प्लेटा. निम्म्या काळ्या कागदात गुंडाळा, कारण फ्युजारियमचं नारिंगी कॅरोटिनॉइड आणि ट्रायकोडर्माचे हिरवे बीजाणू दोन्ही उजेडाला प्रतिसाद देतात. खिडकीकडची प्लेट आणि कपाटातली प्लेट यांची तुलना करून कुणी 'अन्नद्रव्यांचा परिणाम' लिहू नये.

परिणाम शेजाऱ्याचाच आहे असं दिसलं, तर तो कशातून पोचतो ते तपासता येतं. मधे सेलोफेनचा निर्जंतुक कागद घाला. विरघळणारं द्रव्य पार जाईल, तंतू जाणार नाहीत. दोन कप्प्यांच्या प्लेटेत लावा. तिथे फक्त वास, म्हणजे हवेतून जाणारी द्रव्यं पोचतात. पदवीच्या प्रकल्पाला एवढं पुष्कळ झालं.

मोजमापाला लोक कंटाळतात. 'गडद', 'फिकट', '+++' अशा नोंदी परीक्षकाला पटवणं कठीण. भेटीच्या रेषेवरून आणि दूरच्या कडेवरून बुचाला भोक पाडायच्या कोरणीने ८ मिलिमीटरच्या चकत्या काढा, ७० टक्के इथेनॉलमध्ये रात्रभर अंधारात ठेवा, गाळा आणि वर्णमापीवर वाचा. मोनास्कससाठी पिवळा ४००, नारिंगी ४७० आणि लाल ५०० नॅनोमीटरजवळ वाचतात. कोरी चकती, म्हणजे बुरशी न लावलेल्या माध्यमाची, शून्य मानायला घ्या. द्रव माध्यमात तंतू ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि रंग प्रति ग्रॅम वाळक्या वजनावर सांगा. पेप्टोनमध्ये फ्लास्क लाल झाला तो बुरशी दुप्पट वाढली म्हणून, की प्रत्येक तंतूने जास्त रंग केला म्हणून, हे त्याशिवाय कळत नाही.

आणखी एक सापळा आपल्या देवघरातला आहे. हळदीला चुन्याची निवळी लागली की ती लाल होते. पारंपरिक कुंकू तसंच करतात. हळद वाढलेली नसते, तिचं रूप बदललेलं असतं. बुरशीचे पुष्कळ रंग असेच वागतात. फ्युजारियमचे काही लाल रंग अल्कलीत जांभळट-निळे होतात, ट्रायकोडर्माची पिवळी अँथ्राक्विनोनं तांबूस होतात. म्हणून वाचण्याआधी सगळे अर्क एकाच सामूवर आणा. भेटीच्या रेषेवर दिसलेला 'नवा' रंग जुन्याच रंगाचं दुसऱ्या सामूवरचं रूप असू शकतो. त्या रेषेवर विरळ आम्लाचा एक थेंब टाकून पाहायला काही सेकंद लागतात.

आपल्या भागाचं वैभव स्थानिक मालात आहे. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या जळगावच्या केळीची सालं, डाळ मिलची चुनी, सरकीची पेंड, ज्वारीची कणी, भरडलेला मका. घन माध्यमावर मोनास्कस द्रव माध्यमापेक्षा बहुधा अधिक रंग देते. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये २० ग्रॅम कणी भिजवून निथळून घ्या, १२१ अंशांवर अर्धा तास निर्जंतुक करा, थंड झाल्यावर बुरशी पेरा, ३० अंशांवर ठेवा आणि रोज हलवून गठ्ठे मोडा. दाणा ओला असावा, पण तळाशी पाणी साचू नये. साचलं की हवा कोंडते. दहा ते चौदा दिवस लागतात. केळीच्या सालीत पालाश आणि कर्बोदकं भरपूर, नत्र कमी. चुनी आणि पेंडीत नत्र जास्त. साल आणि चुनी ९:१, ८:२, ७:३ अशी मिसळत गेलात की कर्ब-नत्र गुणोत्तराचा प्रयोग फुकटच्या मालात उभा राहतो. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल असतं, ते बुरशीला बाधू शकतं. म्हणून पेंड वापरलीत तर चुनीचा संच सोबत ठेवा. आणि कच्च्या मालाचं पोतं एकच असू द्या, मध्येच बदलू नका.

पाणी आणि ऊन या दोन गोष्टी इथे विसरून चालत नाहीत. बोअरचं जड पाणी माध्यमात घातलं की कॅल्शियम-मॅग्नेशियम आलं, सामू सरकला आणि बायकॅव्हेरिनची अट मोडली. ऊर्ध्वपातित पाणी वापरा. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांजवळ जातो. साधं इनक्युबेटर तापवू शकतं, थंड करू शकत नाही; खोली ४० अंशांवर असताना त्यावर ३० चा आकडा लावून काही होत नाही. शिवाय जोडीतल्या दोघींना उष्णता सारखी सोसत नाही. नायजर ३५ अंशांवरही खुशीत असते, ट्रायकोडर्माला २५ ते ३० बरं वाटतं. उन्हाळ्यात कोण जिंकलं हे अन्नाने ठरलं की उन्हाने, सांगता येणार नाही. थंड करणारं बीओडी इनक्युबेटर नसेल तर प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरका आणि वीज गेलेल्या वेळा वहीत लिहा.

ज्वारीच्या दाण्यावर घरी ट्रायकोडर्मा वाढवणाऱ्या शेतकऱ्यांनी यातलं एवढं घ्यावं : दाणे पांढरे दिसतात तोवर बीजाणू पिकलेले नाहीत, हिरवा रंग भरू द्या, पिशव्या मिट्ट अंधारात ठेवू नका. गूळ जास्त घातल्याने हिरवं लवकर येत नाही. काळा, गुलाबी, नारिंगी किंवा पिवळट-हिरवा भुरका दिसला तर ती पिशवी शेतात नेऊ नका.

सुरक्षेबद्दल मी कठोर आहे. मका-भुईमुगावर येणारी पिवळट-हिरवी अस्परजिलस फ्लेव्हस अफलाटॉक्सिन बनवू शकते. तशी वसाहत दिसली की प्लेट चिकटपट्टीने बंद करा, पुन्हा उघडू नका. कोणतीही प्लेट हुंगू नका, मास्क लावा, दम्याच्या विद्यार्थ्याला बीजाणूंच्या कामावर बसवू नका. मोनास्कसचे काही वाण मूत्रपिंडाला घातक सिट्रिनिन बनवतात, म्हणून प्रदर्शनात लाल भाताची चव कुणालाही देऊ नका, शिक्षकांनाही नाही. कापडाचा तुकडा रंगवून दाखवा, तेवढा पुरतो. आणि रावेर-यावलच्या केळीबागांतून मर रोगाचा कंद प्रयोगासाठी पिशवीत घालून गावोगाव नेऊ नका. तो रोग आणणाऱ्या फ्युजारियमचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात, आणि तिचा 'उष्णकटिबंधीय प्रकार-४' हा वाण भारतात पोचलेला आहे. फ्युजारियम ज्वारीच्या दाण्यावरून घ्या किंवा संग्रहातून मागवा. मर रोगाचा नमुना तपासायचाच असेल तर जळगावच्या केळी संशोधन केंद्राला आधी विचारा. काम संपल्यावर प्लेटा ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय उकिरड्यावर जाता कामा नयेत, आणि प्रत्येक प्लेटेखाली तारखेबरोबर नत्राच्या बाटलीचं नाव लिहिलेलं असावं.